पठाणांची वही बुऱ्हाणपुरात लिहिली गेली

मागच्या वेळी सिंधीपुऱ्याच्या दरवाजाबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांवरून हे नाव पडलं का. नाही. हे नाव चारशे वर्षांहून जुनं आहे. फारुकी सुलतानांच्या काळात सिंधमधली धामधूम टाळून काही सूफी घराणी आणि त्यांच्या मागे कारागीर, विणकर इथे आले. शाह ईसा जुंदुल्ला त्यांतलेच, त्यांची कबर आजही गावात आहे. ते ज्या वस्तीत राहिले ती सिंधीपुरा. १९४७ चे सिंधी बांधव नंतरचे.

आज मात्र विषय सिंध्यांचा नाही, पठाणांचा आहे. आणि तोही आपल्या गावचाच आहे, हे वाचून नवल वाटेल.

आपल्या मराठी घरांत पठाण म्हटलं की दोन गोष्टी निघतात. अटकेपार झेंडे, नाहीतर १७६१ चं पानिपत. तिसरी गोष्ट माझ्या पिढीला आठवते ती काबुली सावकाराची. मी आठ-दहा वर्षांचा असताना आमच्या गल्लीत सहा फुटी, सलवार-कुडत्यातला, हातात काठी घेतलेला एक खान दर महिन्याला यायचा. मागवाल्यांना तो रक्कम द्यायचा आणि व्याज वसूल करायला दारात बसून राहायचा. आई आम्हाला आत बोलवायची. आमचे दादा मात्र त्याला ओट्यावर चहा द्यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "दादा, हा कुठला?" ते म्हणाले, "अरे, लांब डोंगरातला. तिकडे काही पिकत नाही म्हणून बिचारा इकडे येतो." बिचारा हा शब्द मला त्या माणसाला अजिबात शोभला नाही, पण उत्तर निम्मं बरोबर होतं हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

तो डोंगर कुठला, तिथली माणसं कशी राहतात, आणि त्यांची सगळ्यात प्रसिद्ध वंशावळ आपल्या तापीकाठी कशी लिहून झाली, हे आज सांगतो.

आधी मुलूख. पाकिस्तानच्या वायव्येला, अफगाणिस्तानच्या हद्दीला लागून वझिरिस्तान आहे. त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग. दक्षिण वझिरिस्तान हा एकच जिल्हा ६,६२० चौरस किलोमीटरचा होता (२०२२ मध्ये त्याचेही दोन जिल्हे केले). आपला बुऱ्हाणपूर जिल्हा ३,४२७. म्हणजे जवळपास दुप्पट. लोकसंख्या मात्र २०१७ च्या शिरगणतीत पावणेसात लाखांच्या आसपास, आपली २०११ ला साडेसात लाखांच्या वर. यातच सगळं आलं. दुप्पट जागा, पण पिकाऊ जमीन किती? उत्तरेला टोची नदी, दक्षिणेला गोमल, मधे उघडे करडे डोंगर, आणि पीरघलचं शिखर साडेतीन हजार मीटरच्या घरात. आपला असीरगड समुद्रसपाटीपासून सातशे मीटर, तोही आपल्याला दम लावतो! नद्यांच्या वळणांवर गाळाचे छोटे छोटे तुकडे साचतात, त्यांना तिकडे 'कच' म्हणतात. आपल्याकडे तापीकाठच्या मळईच्या जमिनी असतात ना, तशाच, पण तापीकाठी मैलोन्‌मैल आणि तिथे चार-दोन एकर. त्या कचावर गहू, मका. वर उंचावर चिलगोजाची झाडं. आपल्या बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानात ज्याचा भाव विचारून आपण बदाम घेऊन येतो, तोच चिलगोजा.

एवढ्याशा जमिनीत माणूस जगणार कसा? एक तर शेळ्या-मेंढ्या, दुसरं म्हणजे रस्ता. गोमलची खिंड हा अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात उतरण्याचा जुना व्यापारी मार्ग. पोविंदा म्हणून फिरस्ते व्यापारी पठाण दर हिवाळ्यात उंट, घोडे, हिंग, मेवा घेऊन त्या वाटेनं खाली यायचे आणि उन्हाळ्यात परत वर जायचे. दिल्लीचं लोदी घराणं या व्यापारी टोळ्यांतूनच पुढे आलं. बहलोल लोदी सुलतान व्हायच्या आधी त्याच्या घरात घोड्यांचा व्यापार होता. आपल्या गावाचंही तेच, हे विसरू नका. सातपुड्यातली असीरगडाजवळची वाट हे उत्तरेतून दक्षिणेत उतरण्याचं दार, म्हणून तर १६०१ च्या जानेवारीत अकबरानं असीरगड हातात घेतल्याशिवाय सोडला नाही. खिंडीच्या तोंडाशी बसलेल्या गावांचं नशीब सगळीकडे सारखंच दिसतं.

(जाता जाता: आपला कुंडी भंडारा, खानखानाच्या वेळी १६१५ मध्ये बांधलेला, जमिनीखालून विहिरींच्या माळेतून पाणी आणणारा, हीच पद्धत क्वेटा-पिशीनच्या पठाणी मुलखात 'कारेझ' या नावानं चालते. त्यावर वेगळं लिहीन.)

आता तिथला समाज. मी कॉमर्सचा विद्यार्थी, नोकरी बँकेत, त्यामुळे मला हिशेबाच्या बाजूनं गोष्ट लवकर समजते. बँकेत मी बरीच वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल सांभाळलं. खातेदार वारला, नॉमिनी नाही, की वारस उभे राहतात. मग वंशवृक्ष काढायचा, वारस दाखला मागायचा. त्यात एक प्रश्न नेहमी येतो. वाटणी माणशी करायची की शाखेवार? म्हाताऱ्याला तीन मुलगे, तिघेही आधीच वारलेले. एकाला एक मुलगा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच. पाचवाले म्हणतात, आम्ही जास्त, आम्हाला जास्त द्या. कायदा म्हणतो, नाही, तीन शाखा, तीन सारखे हिस्से. एकट्याला पूर्ण तिसरा हिस्सा आणि पाचांत मिळून एक तिसरा. काउंटरवर यावरून सख्ख्या चुलत भावांची गचांडी धरलेली मी पाहिली आहे.

वझिरिस्तानात सगळा समाजच या तत्त्वावर उभा आहे. तिथे याला 'निकात' म्हणतात. 'निका' म्हणजे आजोबा, पूर्वज. पूर्वजाच्या मुलांच्या संख्येवर जो हिस्सा ठरला तो ठरला, पुढे कोणाची शाखा वाढो की आटो. मेहसूद जमातीच्या तीन शाखा आहेत, अलीझई, बहलोलझई आणि शमनखेल. जमातीला जे काही मिळेल त्याचे तीन सारखे भाग. आणि जे भरावं लागेल, दंड म्हणा, खंडणी म्हणा, त्याचेही तीन सारखे भाग. इंग्रज आल्यावर त्यांनी जमातींना शांत ठेवण्यासाठी सालाना रकमा बांधून दिल्या, त्यासुद्धा निकातीप्रमाणेच वाटाव्या लागत. म्हणजे पोलिटिकल एजंटाच्या खजिन्यातसुद्धा वंशावळ हीच लेजर!

उत्तरेकडच्या युसुफझई पठाणांत याहून वेगळी रीत होती. तिथे जमिनीच्या हिश्शाला 'दफ्तर' म्हणत. ज्याच्या नावे दफ्तर तो पूर्ण पठाण, जिरग्यात बसणार, बोलणार. ज्याचं दफ्तर गेलं त्याची जिरग्यातली जागाही गेली. आणि ठरावीक वर्षांनी जमिनींची अदलाबदल, 'वेश', म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला आळीपाळीनं येईल. ऐकायला छान आहे. पण यात वंशावळीत नाव असणं म्हणजे पोट भरणं आणि नाव नसणं म्हणजे दुसऱ्याच्या सावलीत राहणं, हेही आलंच.

आणि भांडणं? पश्तोत 'तरबूर' म्हणजे चुलत भाऊ, आणि त्याच शब्दाचा अर्थ प्रतिस्पर्धी. चुलतभावांतल्या चुरशीला 'तरबूरवली' म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात. कारणही तेच, जमीन एक आणि पूर्वज एक.

आता मुद्द्यावर येतो. इतकं सगळं ज्या वंशावळीवर चालतं ती पहिल्यांदा नीट पुस्तकात कधी आली?

१६१२ साली. आपल्या मलकापुरात.

हो, बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर. मी तिथे तीन वर्षं शाखेत काढली. कापसाच्या हंगामात रोकड मोजून बोटं काळी व्हायची. त्या गावात असं काही झालं असेल याची मला किंवा माझ्या एकाही सहकाऱ्याला कल्पना नव्हती.

झालं असं. जहांगीरच्या राज्यात दक्खनची मोहीम बुऱ्हाणपुराहून चाले. तिथला एक मोठा सरदार खानजहान लोदी, मूळ नाव पीरखान, दिल्लीच्या लोद्यांच्याच जातकुळीचा पठाण. जहांगीरचा त्याच्यावर फार लोभ. त्याच्या पदरी नियामतुल्ला नावाचा हेरातचा लेखक होता, आधी जहांगीरच्या दरबारात वाकेनवीस असलेला. सामान्याच्या हैबतखान काकर नावाच्या पठाणानं त्याला माहिती गोळा करून दिली. फेब्रुवारी १६१२ मध्ये वऱ्हाडातल्या मलकापूरला पुस्तकाला सुरुवात झाली आणि साधारण वर्षभरानं, १६१३ मध्ये, बुऱ्हाणपुरात ते पुरं झालं. भाषा फारसी, नाव 'तारीख-ए-खानजहानी व मख्जन-ए-अफगाणी'. पुढे बर्नहार्ड डॉर्न या विद्वानानं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते लंडनला १८२९ आणि १८३६ मध्ये दोन भागांत छापलं गेलं.

हे लिहायला घेतलं का? परंपरा सांगते की मोगल दरबारात एका इराणी वकिलानं पठाणांचा उगम राक्षसांपासून झाल्याची कथा सांगितली आणि पठाण सरदारांना ती झोंबली. मग खानजहाननं माणसं पाठवून टोळ्यांकडून माहिती काढवली. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण काळ बघा. १५८६ मध्ये पठाणांशी लढताना बिरबल मारला गेला होता. वझिरिस्तानातल्या कानीगुरमचा बायझीद अन्सारी, ज्याला अनुयायी पीर रोशन म्हणत, त्याचा पंथ दोन-तीन पिढ्या मोगलांशी झुंजत होता. पुस्तक लिहिलं जात होतं तेव्हा त्याचा नातू अहदाद डोंगरात लढतच होता. अशा वेळी दरबारात पठाण असणं सोपं नसणार. मला वाटतं, खानजहानला दाखवायचं होतं की आम्ही डोंगरातले लुटारू नाही, आम्ही खानदानी.

आणि खानदान किती मोठं दाखवलं! पठाण हे बनी इस्राईलचे, राजा तालूतचे म्हणजे बायबलातल्या शौलचे वंशज. त्या वंशातला कैस मदिनेला जाऊन पैगंबरांना भेटला, त्याचं नाव अब्दुर्रशीद ठेवलं गेलं. त्याला तीन मुलगे, सरबन, बटन आणि घुरघुश्त. सगळे पठाण या तिघांचे. बटनची मुलगी बीबी मतो, तिचं लग्न घोरच्या शाह हुसेन या राजपुत्राशी, आणि त्यांच्या पोटी लोदी! म्हणजे पुस्तकाचा खर्च ज्यानं केला त्याच्या वाट्याला आईकडून पठाणी रक्त आणि बापाकडून राजरक्त. घिलझईसुद्धा याच जोडप्याचे, पण त्यांचा पूर्वज निकाहाच्या आधी जन्मलेला. वही कुणाच्या घरी लिहिली जातेय हे बघूनच भाटाची लेखणी चालते, हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही.

आणि डोंगरातले? आफ्रिदी, खटक, ओरकझई, वझीर, मेहसूद, हे सगळे सरहद्दीवरचे, त्या उघड्या डोंगरांत प्रत्यक्ष राहणारे लोक? ते तिघा मुलग्यांपैकी एकाचेही नाहीत. ते 'करलाणी'. आणि करलाणची कथा अशी (हिच्या दोन-चार तऱ्हा सांगतात): ऊरमड टोळीचे दोन भाऊ उठून गेलेल्या एका तळावर पोचले. एकाला तिथे टाकून दिलेलं तान्हं मूल सापडलं, दुसऱ्याला लोखंडी कढई. मूल ज्याला सापडलं त्याच्या घरी पोरं भरपूर आणि हाताशी काही नाही. कढई ज्याला सापडली तो बिनमुलाचा. दोघांनी अदलाबदल केली. कढईच्या बदल्यात मिळालेलं पोर म्हणून नाव करलाण.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्यांना राजपुत्र बाप, आणि डोंगरात राहणाऱ्यांना कढईच्या बदल्यात घेतलेलं पोर! गंमत म्हणजे ते ऊरमड लोक आजही आहेत. दक्षिण वझिरिस्तानात, त्याच कानीगुरम गावात, चहूबाजूंनी मेहसुदांच्या वस्तीत, आपली ऊरमुडी ही वेगळी भाषा राखून. कथेप्रमाणे आसपासच्या हजारो मेहसूद-वझिरांच्या पूर्वजाला ज्यांनी पोसलं, ते स्वतः मूठभर उरले.

डोंगरातल्यांनी मात्र या वहीची फार पर्वा केलेली दिसत नाही. वर कोण कुणाचं पोर ते चालू द्या, खाली तीन शाखा आणि तीन हिस्से पक्के. पठाणांत दोन शब्द आहेत, 'नंग' आणि 'कलंग'. कलंग म्हणजे सारा, खंड. सपाटीवरचा पठाण सारा देतो, घेतो, जमीनदार होतो, दरबारात जातो. नंग म्हणजे इभ्रत. डोंगरातला सारा देत नाही, त्याच्याकडे देण्यासारखं काही नाहीच, म्हणून त्याच्याकडे फक्त नंग. पुस्तक कलंगवाल्यांनी लिहवलं.

खानजहानचं पुढे काय झालं ते बुऱ्हाणपूरकरांना माहीत असायला हवं. शहाजहान गादीवर आल्यावर त्याचं बिनसलं. १६२९ मध्ये तो आग्र्याहून निसटला आणि निजामशाहीच्या आसऱ्याला दौलताबादकडे आला. त्याला मोडायला शहाजहान स्वतः १६३० मध्ये बुऱ्हाणपुरात येऊन बसला. त्याच धामधुमीत शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले, त्याच सुमारास भयंकर दुष्काळ पडला, आणि याच मुक्कामात जून १६३१ मध्ये मुमताजमहल बाळंतपणात आपल्या गावी वारली. पर्यटक आहूखान्यात येतात ते तिच्यासाठी. पण तिच्याआधी काही महिने, १६३१ च्या सुरुवातीला, बुंदेलखंडात सिहोंड्याजवळ खानजहान मारला गेला आणि त्याचं डोकं बुऱ्हाणपूरला शहाजहानपुढे आणलं गेलं. ज्या गावात त्यानं आपल्या कुळाची वही पुरी करवली, त्याच गावात. त्याच्याबद्दल इथे एक पाटीसुद्धा नाही.

आणखी एक योगायोग सांगतो. पठाणांवरचा इंग्रजीतला पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा माणूसही आपल्याच ओळखीचा, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८०९ मध्ये तो पेशावरला शाह शुजाच्या भेटीला गेला, काबूलपर्यंत कधी पोचलाच नाही. १८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट. त्याचं पुस्तक १८१५ मध्ये निघालं आणि १८१७ मध्ये खडकीला तो पेशव्यांच्या फौजेसमोर होता. त्यानं यहुदी उगमाची कथा फारशी मानली नाही, पण टोळ्या, शाखा, वेश, जिरगा हे बारकाईनं लिहून ठेवलं. म्हणजे एक वही मलकापूर-बुऱ्हाणपुरात आणि दुसरीचा कर्ता पुण्यात. डोंगर मात्र दोन्हीकडून शेकडो कोस लांब.

आणि असं लांबून लिहिलेलं कागदावर पक्कं झालं की ते राज्यही चालवतं. १८९३ मध्ये ड्युरांड रेषा आखली गेली, वझिरांच्या काही शाखा अलीकडे तर काही पलीकडे पडल्या. १९०१ च्या सरहद्द गुन्हे कायद्यानं एकाच्या गुन्ह्याला सगळी टोळी जबाबदार धरली. कोण कुणाच्या शाखेतला हे सरकारी दफ्तरात लिहिलेलं होतंच, त्याच यादीवर शिक्षा. हा कायदा पाकिस्ताननंही चालू ठेवला, २०१८ पर्यंत. २००९ च्या लष्करी कारवाईत मेहसुदांची गावंच्या गावं रिकामी झाली.

आपल्या डोंगरातही वेगळं काय आहे? नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी आपल्याच जिल्ह्यात ग्रामीण शाखेत होतो. एक कोरकू म्हातारा बैलजोडीच्या कर्जाला आला. खसरा नाही, पट्टा नाही. मी विचारलं, "बाबा, जमीन कुणाची?" त्यानं आज्याचं नाव सांगितलं, मग त्याच्या बापाचं, मग त्याच्या बापाचं, चार पिढ्या घडाघडा, आणि कुठलं मोहाचं झाड कुणी राखलं तेही. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात आदिवासी सोडून इतर वनवासींना तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आदिवासींना तेवढी अट नाही, पण पुरावा त्यांनाही द्यावाच लागतो. त्या म्हाताऱ्याचं कर्ज शेवटी त्याच्या जावयाच्या नावावर, जावयाच्या गावच्या जमिनीवर झालं.

आमच्या घरी भाट यायचे तोवर मी बारा-तेरा वर्षांचा असेन. ओट्यावर लाल कापडात बांधलेली वही उघडून नावं वाचायचे, नवी पोरं लिहून घ्यायचे, धान्य आणि लुगडं घेऊन जायचे. त्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि आमच्या दादांचे एक चुलते, जे घराबाहेर पडून खंडव्याला गिरणीत लागले, त्यांची ओळ थांबवलेली होती. दादांनी भाटाला सांगून ती पुन्हा सुरू करवली, त्यासाठी सव्वा रुपया जास्त मोजला.

तुमच्यापैकी कुणाकडे अशा भाटाच्या वहीची नक्कल असेल, किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतला आपल्या कुळाचा उतारा असेल, तर फोटो जरूर टाका. रावेर, सावदा, मलकापूरकडच्या मंडळींनी खास पाहावं. आणि मलकापूरकरांनो, तुमच्या गावात एवढं पुस्तक सुरू झालं, हे निदान शाळेतल्या पोरांना तरी सांगा.